घरातला वाईन सेलर आणि शेजारी चाखायची जागा : आधी मधली भिंत ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : नाशिकला बंगल्याचं काम चालू आहे. तळमजल्यावर मागच्या बाजूला १६ बाय १२ फुटांची खोली आहे. तिच्यात ४०० बाटल्यांचा सेलर हवाय आणि त्याला लागून पाच-सहा जणांना निवांत बसून वाईन चाखता येईल अशी जागा. डिझायनरने खोलीचे मधोमध दोन भाग केलेत, मध्ये जमिनीपासून छतापर्यंत काच, सेलरमध्ये दीड टनाचा स्प्लिट एसी आणि मागच्या भिंतीला सागवानी रॅक. एवढ्यावर भागेल का?

नाही भागणार. आराखडा कागदावर देखणा दिसत असेल, पण पहिल्याच पावसाळ्यात काचेवरून पाणी ओघळायला लागेल. मी नाशिक भागात वायनरींच्या बॅरल रूम आणि घरगुती सेलर अशा दोन्ही ठिकाणी थंडाव्याची कामं करतो. बिघडलेल्या सेलरचं निदान बहुतेक वेळा एकच निघतं : सेलरकडे सजावट म्हणून पाहिलं गेलं आणि हवेचा विचार शेवटी झाला. तुमच्या एका खोलीत दोन वेगळी हवामानं शेजारी-शेजारी नांदवायची आहेत. बाटल्यांना १२ ते १४ अंश तापमान, ६० ते ७० टक्के आर्द्रता, अंधार आणि शांतता लागते. माणसांना २४ अंश, कोरडी हवा, भरपूर उजेड आणि गप्पा लागतात. या दोघांच्या मधे जे काही उभं राहील, त्यावर सगळं काम तरतं किंवा बुडतं.

तापमानाच्या आकड्यापेक्षा ते स्थिर राहणं महत्त्वाचं, हे आधी सांगतो. सेलर वर्षभर १५ अंशांवर राहिला तर वाईनचं काही बिघडत नाही. पण रात्री १२ आणि दुपारी २० असं रोज होत राहिलं, तर बाटलीतली वाईन फुगते-आकसते, बुचाच्या कडेने हवा आत-बाहेर करायला लागते, आणि दोन उन्हाळ्यांत चांगली रेड वाईन थकलेली लागते. बाटली आडवी ठेवायची ती बूच ओलं राहावं म्हणून. स्क्रू कॅपच्या बाटल्यांना ही अट नाही, आणि आपल्याकडच्या बऱ्याच वाईन स्क्रू कॅपमध्येच येतात. त्या उभ्या ठेवल्या तरी चालतात.

तुम्ही पुढे विचारलंय की त्यापेक्षा तळघर खोदलं तर मशीनशिवाय निभावेल का. हा विचार युरोपातले सेलर पाहून येतो. तिथे तो बरोबरही आहे. जमिनीत काही मीटर खाली गेलं की मातीचं तापमान त्या गावाच्या वर्षभराच्या सरासरीजवळ स्थिरावतं. फ्रान्समध्ये शॅम्पेन भागात ही सरासरी १०-११ अंशांच्या घरात आहे, म्हणून रेम्सच्या खडूच्या भुयारांत शेकडो वर्षं आपोआप थंडावा मिळत आलाय. नाशिकची सरासरी २४-२५ अंशांच्या आसपास. म्हणजे तळघर खोदून तुम्हाला स्थिरता मिळेल, थंडावा मिळणार नाही. वर काळ्या मातीत पावसाळ्याचं पाणी भिंतीला दाब देतं आणि त्याचं वॉटरप्रूफिंग हा वेगळाच खर्च आहे. घर आधीच तळघरासह बांधलेलं असेल तर जरूर वापरावं. केवळ सेलरसाठी खोदू नका. तळमजल्यावरची, उत्तरेकडची, वर गच्ची नसलेली खोली मिळत असेल तर ती सोन्यासारखी.

आता ४०० बाटल्या. हा आकडा कुठून आला, हे स्वतःला विचारा. आपल्याकडच्या बहुतेक व्हाइट आणि रोझे वर्ष-दोन वर्षांत प्यायच्या असतात, साठवून त्या सुधारत नाहीत. नाशिकच्या वायनरींच्या रिझर्व्ह दर्जाच्या शिराझ आणि कॅबर्ने, किंवा अकलूजकडच्या फ्रातेली वायनरीची सेत्ते, अशा काही रेड मात्र काही वर्षं सांभाळून ठेवण्यासारख्या आहेत. तुम्ही मुख्यतः पहिल्या प्रकारातली वाईन पीत असाल तर शंभर-दीडशे बाटल्यांचं चांगलं वाईन कॅबिनेट विकत घेऊन आख्खी खोली चाखण्यासाठी मोकळी ठेवा. बांधकामाचा निम्मा व्याप वाचेल. बाहेरदेशी जाणं-येणं असेल, जुन्या व्हिंटेजची आवड असेल, दहा वर्षांनी उघडायच्या बाटल्या आज घेत असाल, तर सेलर बांधा. आणि आकडा पक्का करण्याआधी राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून परवाना आणि घरी किती साठा ठेवता येतो याची मर्यादा लेखी समजून घ्या. हे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत आणि बदलत असतात. गोव्यातल्या मित्राच्या घरी चालतं म्हणून नाशिकला चालेल असं नाही.

सेलर बांधायचाच असं धरून पुढे जातो.

जागेची वाटणी आधी बदला. ७५० मिलीची बोर्दो पद्धतीची बाटली साधारण ३० सेंटिमीटर लांब आणि साडेसात सेंटिमीटर जाड असते. बर्गंडी आणि स्पार्कलिंगच्या बाटल्या त्याहून पोटाळ. चार इंचांचा एक खण धरला तर दोन्ही प्रकार बसतात. तुमच्या १२ फुटी भिंतीवर अशा ३६ रांगा आडव्या आणि सहा फूट उंचीपर्यंत १८ उभ्या, म्हणजे साडेसहाशेच्या जवळ खण होतात. ४०० बाटल्या आठ फुटांतच संपल्या. उरलेल्या चार फुटांत लाकडी पेट्या, मॅग्नम म्हणजे दीड लिटरच्या मोठ्या बाटल्या आणि थंडाव्याचं इनडोअर युनिट. म्हणून सेलर आतून ५ फूट खोल पुरे, उरलेली खोली माणसांना द्या. आठ फूट खोल सेलर केलात तर मधली रिकामी हवा तुम्ही जन्मभर थंड करत बसाल.

आता त्या काचेकडे येऊ. इथे थोडं गणित करावं लागतं, पण ते टाळू नका.

१२ बाय ८ फुटांची काच म्हणजे जवळपास ९ चौरस मीटर. चांगली डबल ग्लेझिंग घेतली, म्हणजे दोन काचा आणि मधे हवाबंद पोकळी, आणि शेजारच्या खोलीत एसी २४ वर चालू आहे असं धरलं, तरी त्या काचेतून २७० वॅटच्या आसपास उष्णता आत शिरते. उरलेल्या सगळ्या भिंती, छत आणि जमीन १०० मिलीमीटर पफने (पॉलियुरेथेन फोमने) मढवल्या तर त्या सगळ्यांतून मिळून येते सुमारे १२० वॅट. म्हणजे एकटी काच बाकी सगळ्या खोलीच्या दुप्पट उष्णता आणते. एसी बंद असलेल्या उन्हाळी दुपारी हा आकडा पुन्हा दुप्पट होतो.

हे झालं उष्णतेचं. खरं दुखणं दवाचं आहे. ऑगस्टमध्ये आपल्याकडे हवा २७ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असते तेव्हा २४ अंशांच्या खाली असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी धरतं. पलीकडे १३ अंशांचा सेलर असताना साध्या एकेरी काचेची बाहेरची बाजू १७ ते २० अंशांच्या आसपास असते. डबल ग्लेझिंगची २२. दोन्हींवर दव येणार. चाखायच्या खोलीत एसी चालू असून हवा २४ अंश, ५५ टक्के असेल तर दव १४-१५ अंशांवर धरतं, आणि मग डबल ग्लेझिंग कोरडी राहते. पण तुम्ही त्या खोलीत रोज बसणार नाही. कुलूप लावून आठवडाभर गावाला गेलात की काचेवरून पाणी खाली येतं, फ्रेमच्या खाचेत साचतं, तिथून लाकडी स्कर्टिंगमध्ये मुरतं. मी अशी एक फ्रेम उघडली तेव्हा खालच्या प्लायचे पदर पुस्तकाच्या पानांसारखे सुटे झाले होते आणि त्यामागे जिप्सम बोर्डावर वीतभर उंचीपर्यंत काळी बुरशी चढली होती. वरून पाहणाऱ्याला तिथे फक्त एक मंद कुबट वास येत होता.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे : पूर्ण काचेची भिंत सोडा. मधे १०० मिलीमीटर पफची भरीव भिंत उभी करा आणि तिच्यात ३ बाय ७ फुटांचं डबल ग्लेझ्ड काचेचं दार बसवा. काचेतून येणारी उष्णता २७० वरून ६० वॅटवर येते. बसलेल्या माणसाला दारातून बाटल्यांच्या रांगा दिसतात, तेवढं पुरतं. दाराला चारही बाजूंनी गॅस्केट म्हणजे फट बुजवणारी रबरी पट्टी, खाली आपोआप उतरणारी पट्टी आणि दार स्वतःहून बंद करणारा क्लोजर हवा. घरातल्या बेडरूमच्या दाराखाली असते तशी फट राहिली तर बाकी सगळा खर्च वाया. शिवाय चाखायच्या खोलीत पावसाळ्यापुरता एक डीह्युमिडिफायर ठेवा. हवा २७ अंशांवरच राहिली तरी आर्द्रता ६० टक्क्यांपर्यंत उतरवली की दव १८-१९ अंशांवर जातं आणि दार कोरडं राहतं. एवढं सांगूनही कुटुंबाला पूर्ण काचच हवी असेल, तर हॉटेलांच्या शीतपेट्यांना असते तशी तापवता येणारी काच घ्यावी लागेल. ती मिळते, पण महाग पडते आणि तिचं बिल दर महिन्याला येत राहतं.

इन्सुलेशनच्या बाबतीत तुम्ही योग्य जिल्ह्यात राहता. पिंपळगाव, निफाड, दिंडोरी या पट्ट्यात द्राक्षांच्या निर्यातीसाठी प्रीकूलिंग आणि कोल्ड स्टोरेज उभी करणारे फिटर आहेत. त्यांना पफ पॅनलचे सांधे कसे बंद करायचे, दार कसं टेकवायचं हे हातावरच्या रेषांइतकं पाठ असतं. इंटिरिअरच्या सुताराऐवजी हे काम त्यांच्याकडून करून घ्या आणि सुताराला आत फक्त रॅक लावू द्या. पफ पॅनलला दोन्ही बाजूंनी पत्रा असतो, त्यामुळे वाफ आरपार जात नाही. सांधे तेवढे सिलिकॉनने नीट भरले पाहिजेत. विटांच्या भिंतीवर एक्सपीएस (कडक फोमची) शीट लावायचा मार्ग घेतलात तर व्हेपर बॅरियरचा, म्हणजे वाफ अडवणारा, थर उबदार बाजूला, म्हणजे बाहेरच्या बाजूला, हवा. परदेशातल्या थंड मुलखातले घरबांधणीचे व्हिडिओ पाहून कोणी तो आतून लावायला निघालं तर थांबवा. तिकडे गरम बाजू घराच्या आत असते. आपल्या सेलरला गरम बाजू बाहेर आहे. चुकीच्या बाजूला लावला की इन्सुलेशन आतल्या आत ओलं होतं आणि ते कोणाला दिसत नाही.

जमीन आणि छत विसरू नका. भिंती चारी बाजूंनी मढवून जमिनीवर नुसती कोटा फरशी टाकलेले सेलर मला पाहायला मिळतात. खाली किमान ५० मिलीमीटर एक्सपीएस, त्यावर काँक्रीटचा पातळ थर, मग फरशी. म्हणजे आतली जमीन थोडी उंच होणार. तिची पातळी गवंड्याला आत्ताच सांगा, नंतर दाराशी पायरी करायची वेळ येते. वर गच्चीचा स्लॅब असेल तर छताला १०० ऐवजी १५० मिलीमीटर द्या, कारण मे महिन्यात तो स्लॅब रात्री उशिरापर्यंत तापलेला राहतो.

दीड टनाचा एसी का नको, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. दीड टन म्हणजे सव्वापाच किलोवॅटची क्षमता. तुमच्या सेलरची गरज भिंती, दार, दिवे आणि दार उघड-मिट सगळं धरून पाव ते अर्धा किलोवॅट. घरगुती एसी १६ अंशांच्या खाली सेट होत नाही, आणि काहीतरी जुगाड करून उतरवलाच तर त्याच्या कॉइलवर बर्फ धरतो. तो माणसांच्या सुखासाठी बनवलेला असल्यामुळे हवेतला ओलावा खेचून काढतो. बुचाला नेमका तोच ओलावा हवा असतो. सेलरसाठी वेगळी कूलिंग युनिट मिळतात. त्यांची कॉइल मोठी आणि हवेपेक्षा थोडीच थंड असते, त्यामुळे आर्द्रता टिकते. त्यातही स्प्लिट प्रकारचं घ्या आणि कॉम्प्रेसर घराबाहेर सावलीत बसवा. भिंतीत आरपार बसणारं युनिट स्वस्त पडतं, पण ते आपली सगळी उष्णता आणि घरघर तुमच्या चाखायच्या खोलीत सोडतं. कोल्ड स्टोरेजवाला फिटर त्याच्याकडचं शून्य अंशाला जाणारं युनिट सुचवेल. पॅनल त्याच्याकडून घ्या, युनिट नको. ड्रेन पाइपला सलग उतार द्या आणि शेवटी पाण्याचा ट्रॅप ठेवा. या पाइपमधून किडे आणि गटाराचा वास दोन्ही आत येतात.

वीज जाण्याची फार धास्ती घेऊ नका. ४०० भरलेल्या बाटल्या हाच तुमचा थंडाव्याचा साठा असतो. इन्सुलेशन नीट असेल तर चार तास वीज गेली तरी वाईनचं तापमान जेमतेम दोन अंश चढतं. दार मात्र उघडू नका. घराला जनरेटर असेल तर त्यावर सेलरचा पॉइंट घ्या, कॉम्प्रेसरसाठी वेगळा इन्व्हर्टर घेण्याची गरज मला वाटत नाही.

रॅक सागवानी असायला हरकत नाही. हरकत आहे ती त्यावर होणाऱ्या पॉलिशला आणि औषधाला. ताज्या मेलामाइन पॉलिशचा वास बंद खोलीत महिनोन् महिने जात नाही. वाळवीसाठी क्लोरोफिनॉल असलेलं औषध लाकडाला लावलं आणि पुढे त्यावर बुरशी धरली, तर त्यातून जी संयुगं तयार होतात तीच बुचाचा कुबट दोष वाईनला लावतात. असा वास एकदा खोलीत बसला की बाटल्या वाचवणं अवघड. म्हणून लाकडाला फक्त तेल द्या, किंवा पावडर कोटिंगचे लोखंडी रॅक घ्या. आतली साफसफाई ब्लीचने करू नका, कारण क्लोरीन तिथूनही येतं. साधं प्लायवूड तर नकोच, कडा फुगतात. रॅक भिंतीपासून दोन इंच सुटा ठेवा आणि युनिटच्या थंड झोताच्या थेट समोर बाटल्या लावू नका. भरलेली बाटली सव्वा ते दीड किलोची, तेव्हा ४०० बाटल्या अर्ध्या टनाच्या वर जातात. तळमजल्यावर काही प्रश्न नाही. हाच सेलर कोणी पहिल्या मजल्यावर करत असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारावं.

आता माणसांची बाजू. सेलरमध्येच छोटं टेबल टाकून बसायची कल्पना तुम्ही शेवटी मांडली आहे, ती सोडून द्या. बसल्या जागी एक माणूस १०० वॅटच्या आसपास उष्णता देतो. पाच जण आत बसले की सेलरवरचा भार एकदम दुप्पट-तिप्पट होतो, त्यांच्या श्वासातला ओलावा वेगळा. आणि १३ अंशांत अर्ध्या तासाने कोणालाच वाईनची चव लागत नाही, सगळे शाल शोधायला लागतात.

चाखायच्या खोलीत मी तीन गोष्टींवर अडून बसतो : वास, उजेड आणि पाणी. वासाचं म्हणजे, स्वयंपाकघराची भिंत लागून असेल तर फोडणी थेट ग्लासात येते. देवघर शेजारी असेल तर उदबत्ती आणि कापूर. दार कुठल्या बाजूला उघडतं ते यावरून ठरवा. ग्लासांच्या कपाटात डांबराच्या गोळ्या टाकू नका आणि ग्लास उपडे ठेवू नका, आत कपाटाचा वास कोंडतो. उजेड पांढरा आणि रंग खरा दाखवणारा हवा. पिवळ्या मंद दिव्यात रेड वाईनची कडा विटकरी झाली आहे की जांभळी आहे हे कळत नाही, आणि वाईनचं वय तर त्या कडेवरच वाचायचं असतं. टेबलाचा वरचा भाग पांढरा किंवा फिकट ठेवा. मंद दिवे वेगळ्या स्विचवर असू देत, जेवणासाठी. सेलरमधले दिवे एलईडी, आणि दार बंद झाल्यावर आपोआप विझणारे. पारदर्शक बाटल्यांतल्या रोझेला उजेड फार लवकर लागतो.

पाण्याचं म्हणजे, एक छोटं सिंक याच खोलीत द्या. सहा वाईन चाखायच्या तर ग्लास धुणं, थुंकणं, तोंड खंगाळणं सगळं होतं, आणि दर वेळी स्वयंपाकघरात पळायला लागलं की बैठक मोडते. त्याची पाइपलाइन आत्ता फरशीच्या आधीच होईल. सिंकखाली एक लहान फ्रिजही धरा. सेलरचे १३ अंश हे बहुतेक वाईनचं प्यायचं तापमान नाही. स्पार्कलिंग ६ ते ८ अंशांवर, व्हाइट ८ ते १२ वर, त्या फ्रिजमधून. रेड १६ ते १८ वर, म्हणजे सेलरमधून काढून अर्धा तास टेबलावर. ग्लासांसाठी चाखण्याचा प्रमाणित आयएसओ ग्लास, २१५ मिलीचा, घेतला तरी चालतो. सगळ्यांचे ग्लास सारखे असले की तुलना करणं सोपं जातं.

कामाचा क्रम असा ठेवा : आधी पाणी, ड्रेन आणि विजेचे पॉइंट, मग जमीन, मग पॅनल आणि दार, मग युनिट, आणि सर्वात शेवटी रॅक. रॅक लावण्याआधी रिकामा सेलर दोन आठवडे चालवा. आत तापमानाची नोंद ठेवणारे दोन डेटा लॉगर ठेवा, एक जमिनीपासून फूटभर आणि एक छताजवळ. वरच्या-खालच्या तापमानात दोन अंशांहून जास्त फरक दिसला तर हवेचा झोत नीट फिरत नाहीये, तेव्हाच दुरुस्त करून घ्या. जमलं तर ही चाचणी जुलै-ऑगस्टमध्ये करा. मार्चमध्ये सगळेच सेलर उत्तम चालतात.

युनिटची नेमकी क्षमता सांगायला मला तीन गोष्टी हव्यात : खोलीच्या कुठल्या भिंती बाहेरच्या आहेत आणि त्या कुठल्या दिशेला, स्लॅबच्या वर काय आहे, आणि स्वयंपाकघर किंवा बाथरूम कुठल्या भिंतीला लागून आहे. आराखड्याचा फोटो टाकलात तर दार कुठे घ्यायचं तेही सांगतो.